खोडील घोडा आणि त्याचा धनी

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि विड्याची पाने का सडली, या तिन्ही प्रश्नांस मिळून एकच उत्तर द्या, हे कोडे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या घातले जात आहे. उत्तर सर्वांस ठाऊक आहे: न फिरवल्याने. हे कोडे रचणाऱ्या पूर्वजांची एक गोष्ट आमच्या मनात फार भरते. घोडा अडला तर दोष घोड्याच्या अंगी न चिकटवता तो त्यांनी धन्याच्या कसुरीत शोधला. सांप्रत मात्र घोडा अडला, बुजला किंवा त्याने लाथ झाडली की "जनावरच खोडील" असा निकाल तत्काळ दिला जातो, आणि त्यापुढे दोनच उपाय सुचतात: एक चाबूक आणि दुसरा बाजार. पहिला उपाय निरुपयोगी आहे आणि दुसरा, खोड लपवून केला असता, सरळ सरळ पापाचा आहे, असे आमचे मत असून ते आम्ही आपल्या सभासदांपुढे ठेवू इच्छितो.

घोडा हा आपल्या शेतकामाचा मुख्य सोबती कधीच नव्हता. नांगर, मोट व गाडी ही बैलाचीच कामे. टांगेही बहुतेक ठिकाणचे गेले. तथापि शेतकऱ्याच्या दारातून घोडा अद्याप गेलेला नाही. मेंढपाळ बांधवांचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू आहे, लग्नसराईत वरातीस भाड्याने जाणारी घोडी आहे, आणि अलीकडे चार पैसे गाठीस आले की हौसेने बांधलेले मारवाडी किंवा काठेवाडी जनावरही आहे. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावास खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तो याच ग्राहकांच्या जोरावर. या ग्राहकांपैकी पुष्कळांच्या घरी पूर्वी कधी घोडा नव्हता, मोतद्दार ठेवण्याची ऐपत नाही आणि शिकवणारे वडीलधारे माणूसही नाही. अशा घरी खोड लपवून विकलेला घोडा जातो तेव्हा काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वरातीच्या घोडीवर नवरदेवापुढे बहुधा एखादे चार-पाच वर्षांचे मूल बसवलेले असते. भोवती वाजंत्री, फटाके आणि दिव्यांचा झगमगाट असतो. त्या गर्दीत घोडी उधळली तर प्राणावर बेतते. सबब हा विषय हौशी लोकांचा म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही.

प्रथम घोड्याचा स्वभाव पाहू. घोडा हे गवत खाऊन राहणारे आणि वाघ-लांडग्यांपासून पळून जीव वाचवणारे जनावर आहे. संशय आला की आधी पळावे व मग पाहावे, हीच त्याच्या जातीची लाखो वर्षांची रीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळवता त्यास जवळजवळ सभोवार दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. म्हणून मागून मुकाट्याने येऊन पुठ्ठ्यावर थाप मारणाऱ्यास लाथ बसली, तर ती खोड नव्हे. उजेडातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांस सरावण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून दुपारच्या उन्हातून काळोख्या गोठ्यात किंवा टेंपोत शिरताना तो उंबऱ्याशी थबकतो. आपण त्यास हट्ट म्हणतो. वास्तविक समोर जमीन आहे की खड्डा आहे हे त्यास दिसतच नसते.

आता खोडीची कारणे. आमच्या मते खोडील म्हणून हिणवलेल्या घोड्याची तपासणी तीन ठिकाणी झाल्यावाचून त्याच्यावर हात उगारण्याचा अधिकार कोणासही नाही: त्याच्या तोंडात, पाठीवर आणि दावणीला.

तोंडाची गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात व चघळण्याने झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड पात्यासारखी धारदार बनते. वरची कड गाल कापते, खालची जीभ कापते. अशा तोंडात लगामाची कडी घालून ओढली म्हणजे तो डोके उडवील, तोंड वासून मान वर करील, नाही तर उभा राहील. यास उपाय एकच: पशुवैद्याकडून वर्षातून एकदा दाढा पाहून घेऊन त्यांस कानस लावणे. यास फार वेळ लागत नाही. खाताना तोंडातून घासाचे बोळे पडू लागले किंवा लिदीत अख्खे दाणे दिसू लागले, तर वर्षाची वाट न पाहता दाखवावे.

पाठीचेही तसेच. खोगीर मानेच्या बुडाशी किंवा कण्यावर टेकत असेल, त्याखालच्या गादीत भुसा एका बाजूस गोळा झाला असेल, तंगाखाली वाळलेल्या घामाचे खवले राहिले असतील, तर तंग आवळताच घोडा वळून चावू पाहतो. खोगीर उतरवल्यावर सबंध पाठीवरून सपाट तळहात दाबून न्यावा. जेथे कातडी थरथरते किंवा घोडा पाठ खाली चोरतो, तेथे दुखते आहे असे समजावे. नालही सहा ते आठ आठवड्यांत नालबंदाकडून काढून, खूर तासून पुन्हा बसवले पाहिजेत. वाढलेल्या खुराचा घोडा उतारावर अडला तर तो आळशी नसून त्याचे पाय दुखत असतात.

तिसरी जागा दावण. मोकळा घोडा दिवसातले चौदा-सोळा तास चरत हिंडतो. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असून त्यात थोडे थोडे सतत जावे अशी त्याची रचना आहे. त्यास आपण अगाडी-पिछाडी लावून दिवसभर एका जागी उभा करतो, दोन वेळा हरभऱ्याची भरपूर चंदी चारतो, वैरण मात्र हात राखून टाकतो, आणि लग्नाच्या तिथीस एकदम बाहेर काढतो. मग तो उसळ्या मारतो यात नवल कसले? तीनशे किलो वजनाच्या जनावरास निदान साडेचार किलो कोरडी वैरण रोज पोटात गेलीच पाहिजे, आणि ती दिवसभरात विभागून. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करावी व फेरफटका मात्र चुकवू नये. कोड्यातले "न फिरवल्याने" ते हेच.

येथे एक पाहण्यातले उदाहरण देतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाजारातून घेतलेली घोडी लगाम चढवू देत नसे. हात कानाकडे जाताच ती मान आभाळाला लावी. दोन घरे फिरून ती तिसऱ्या घरी आलेली होती आणि प्रत्येक घरी तिने मार खाल्लेला होता. पशुवैद्याने तोंड उघडून पाहिले तो दोन्ही गालांस आतून जखमा. दाढा घासल्या, जखमा भरल्या. परंतु घोडी मान वर करावयाची थांबेना. धन्यास वाटले, म्हणजे खोड खरीच होती. वास्तविक दुखणे गेले होते, पण दुखण्याची आठवण गेली नव्हती. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते; जेथे एकदा वेदना झाली ती जागा, ती वस्तू आणि तो हात तो विसरत नाही. पुढे सुमारे दोन महिने रोज थोडा वेळ देऊन तिला लगाम नव्याने शिकवावा लागला. कारण शोधणे हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा शिक्षणाचा आहे, आणि तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

या शिक्षणाचे मर्म एका वाक्यात सांगता येते. घोडा दाबाने शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. मोरकीची दोरी आपण पुढे ताणली की त्यास अडचण वाटते. ती टाळण्यासाठी तो दहा गोष्टी करून पाहील: मागे ओढील, मान झटकील, एखादे पाऊल पुढे टाकील. ज्या कृतीनंतर दोरी सैल पडते ती कृती त्याच्या मनात ठसते. पाऊल पुढे पडताच दोरी सैल केली तर तो चालण्यास शिकला. आणि मागे ओढल्यावर आपला हात सुटला तर तो ओढण्यास शिकला. दोन्ही वेळा गुरू आपणच असतो. नालबंदापुढे पाय झटकणारा घोडा असाच तयार होतो. त्याने पाय हिसडला की माणूस घाबरून तो सोडतो. घोड्यास कळते की हिसडले म्हणजे सुटका होते. त्याऐवजी पाय क्षणभरच उचलावा आणि तो शांत आहे तोवरच आपण होऊन खाली ठेवावा. उद्या दोन क्षण, परवा चार. अशाने काही दिवसांत घोडा मुकाट पाय देऊ लागतो.

बुजण्याचेही हेच सूत्र आहे. समजा, घोडे वाटेवरच्या मोरीपाशी बुजते. त्यास मोरीवर नेऊन चाबूक मारला तर त्याच्या मनात मोरी आणि मार यांची गाठ पडते. उद्या ते मोरीच्या शंभर पावले अलीकडेच अडेल. शहाणा धनी मोरीपासून इतक्या अंतरावर थांबतो, की घोड्यास मोरी दिसते आहे पण त्याचे कान अजून धन्याकडेही वळताहेत. तेथे उभे राहावे, सावकाश बोलावे, मानेवर खरारा फिरवावा. घोड्याने मान खाली सोडली, दीर्घ श्वास टाकला की लगेच त्यास वळवून मोरीपासून दूर न्यावे. हे वाचून कोणी म्हणेल की ही तर माघार झाली. नव्हे, शांत राहिल्याचे ते बक्षीस आहे. घोडा उड्या मारीत असताना त्यास दूर नेणे ही माघार; तो शांत असताना दूर नेणे हा धडा. दुसऱ्या खेपेस दहा पावले पुढे जाता येते. वरातीच्या घोडीस छत्री, पताका, ढोल व फटाक्यांचा आवाज यांची सवय याच रीतीने, दुरून व हळू आवाजापासून आरंभ करून, घरच्या अंगणात महिनोगणती आधी लावली पाहिजे. जी घोडी अंगणात ढोल सोसत नाही ती वरातीत नेऊ नये, मग सुपारी कितीही मोठी असो.

एक वेळी एकच गोष्ट शिकवावी, दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नाही, आणि शेवट नेहमी घोड्यास जमलेल्या गोष्टीवर करावा. एका गोष्टीस एकच खूण असावी व ती घरातल्या सर्वांनी पाळावी. बाप दोरी ओढून थांबवतो, मुलगा शीळ घालून थांबवतो आणि गडी हिसका देऊन थांबवतो, अशा घरी घोडे कोणाचेच ऐकेनासे होते.

शिकवणाऱ्याचे मन मात्र ठिकाणावर पाहिजे. घोडा माणसाचे अंग वाचतो. बर्लिनमध्ये गणिते सोडवणारा घोडा म्हणून हान्स नावाचा एक घोडा विसाव्या शतकाच्या आरंभी फार गाजला होता. ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने १९०७ साली असे दाखवून दिले की, त्यास गणित येत नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीकशी हालचाल पाहून तो खूर आपटण्याचे थांबवीत असे. ज्यास केसाएवढी हालचाल दिसते, त्यास आपला राग आणि आपली भीती दिसणार नाही काय? स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोडा घेऊन चालणाऱ्या माणसांस, या खेपेस वाटेत छत्री उघडली जाईल, असे सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. परंतु माणसांच्या काळजाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही वाढले. ग्रीक सेनानी झेनोफोन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले; त्यातही रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असाच उपदेश त्याने केलेला आहे. आपल्या सभासदांनी एवढा तरी नियम करावा की, ज्या दिवशी घरात भांडण झाले असेल किंवा डोके तापले असेल, त्या दिवशी घोड्यास वैरण घालावी, धडा देऊ नये.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहो. पहिला असा की, जुने चाबूकस्वार चाबकानेच घोडे तयार करीत आणि ते उत्तम निघत; त्यांच्या नावातच चाबूक आहे. यावर आमचे म्हणणे असे की, चाबूक नावात असला तरी विद्या हातात होती. रोज ठराविक वेळी फिरवणे, एकच खूण ठेवणे आणि दाब नेमका केव्हा सोडावा हे ओळखणे, या तीन गोष्टी जाणत्या स्वारास साध्य असत व त्यांनीच घोडा बने. आपण त्याची विद्या टाकली आणि चाबूक तेवढा उचलला.

दुसरा आक्षेप असा की, एका दिवसात घोडा वठणीवर आणणारे लोक आहेत, मग महिनाभर कोण खपणार? असे लोक पूर्वीही होते. अमेरिकेतल्या जॉन रेरी याने १८५८ साली इंग्लंडात क्रूझर नावाचा महाभयंकर समजला गेलेला घोडा थोड्या वेळात माणसाळवून दाखवला आणि मोठी कीर्ती मिळवली. पुढचा एक पाय बांधून घोड्यास आडवा पाडण्याची युक्ती तो करी. त्याच्या हाताला जात्याच कौशल्य होते आणि क्रौर्याचा त्यास तिटकारा होता, हेही खरे. परंतु तीच युक्ती अडाण्याच्या हाती गेली म्हणजे घोड्याचा पाय मोडतो, नाही तर त्याची उमेद मोडते. सुटकेची आशा सोडून निपचित पडलेला घोडा शांत झाला असे समजणे ही मोठी चूक आहे. असे जनावर वरून गरीब दिसते आणि एखादे दिवशी काही सूचना न देता उसळते.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही मान्य करतो. काही घोडे घरच्या माणसांच्या आवाक्यातले नसतातच. माजावर आलेला नर घोडा बायकामुलांच्या वावरण्याच्या अंगणात बांधणे हे धाडस आहे. पैदाशीस ठेवावयाचा नसेल तर पशुवैद्याकडून भूल देऊन त्यास खच्ची करून घेणे हेच श्रेयस्कर. ज्याने माणसावर चालून जाण्याची सवय धरली आहे, त्यास जाणत्या शिक्षकाच्या हवाली करावे. पुस्तक वाचून किंवा आमचा हा लेख वाचून त्याच्यापुढे उभे राहू नये. शिकाऊ घोड्यावर बसताना शिरस्त्राण घालावे, त्यात कमीपणा मानू नये. आणि दोरी हाताभोवती गुंडाळून कधीही धरू नये. घोडा उधळला तर गुंडाळलेली दोरी बोटे घेऊन जाते.

काटेरी लगामाविषयी मात्र आम्ही कोणतीही सवड देण्यास तयार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला, आणि ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधी त्याखाली १९६५ साली जे नियम झाले त्यांत काटे किंवा टोके असलेल्या लगामास स्पष्ट मनाई आहे. तरीही असे लगाम दिसतात. कायद्याचे राहो, आपल्या स्वार्थाचा विचार केला तरी तो लगाम घातुक आहे. ज्या तोंडावर घोडा आवरावयाचा तेच तोंड फाडून ठेवले, तर उधळलेल्या वेळी त्यास आवरणार कशाने?

शेवटी बाजाराविषयी. बैल विकताना "मारका आहे" हे सांगण्याची रीत आपल्या पुष्कळ गावांत अजून आहे. न सांगणाऱ्यास लोक नावे ठेवतात. घोड्याच्या व्यवहारात मात्र खोड लपवणे हीच हुशारी मानली जाते, आणि सौदा झाल्यावर "पारखून का घेतला नाही?" असा उलट सवाल केला जातो. आमचे म्हणणे असे की, आपल्या मंडळाच्या सभासदांनी तरी ही रीत मोडावी. यासाठी दोन सूचना करतो. दर वर्षी यात्रांच्या हंगामापूर्वी मंडळाने एक दिवस पशुवैद्य व नालबंद यांस गावी बोलावून सभासदांच्या सर्व घोड्यांचे दात, पाठ व खूर तपासून घ्यावेत. खर्च सर्वांत वाटला तर कोणावरही फारसा बोजा पडणार नाही. आणि घोडा विकणाऱ्या सभासदाने तो कशास बुजतो, कोठे हात लावू देत नाही, वरातीस किंवा मुलांस योग्य आहे की नाही, हे चार ओळींत लिहून व सही करून घेणाऱ्याच्या हाती द्यावे. किंमत थोडी कमी येईल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या घरी तो घोडा जाणार आहे त्या घरीही वरात निघणार आहे, आणि तेथेही नवरदेवापुढे कोणाचे तरी लेकरू बसणार आहे, एवढे सही करताना ध्यानात असावे.